ढोलाच्या मधोमध माझा आवाज

अमरावती ते अकोला या टापूत मला व्यवहारात हरवणारा एकच माणूस जन्माला आला, आणि त्याला व्यवहारातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मी हातगाडीवर रिकाम्या बाटल्या विकून सुरुवात केली आणि जुन्या सामानाचं दुकान उभं केलं. पाय मोडलेली खुर्ची मी अशी विकतो, की घेणारा उरलेल्या तीन पायांचं कौतुक करत घरी जातो. तिवशाकडची शेती सोडून हा गृहस्थ आमच्या घरी मागच्या खोलीत राहायला आला. सकाळी छापखान्यात खिळे जुळवायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये तो अंगाभोवती गुंडाळायचा मोठा पितळी भोंगा वाजवायचा. बँडवाले त्याला बास म्हणतात. त्या भोंग्याच्या तोंडात पायलीभर ज्वारी सहज मावली असती. ते भांडं घासायला तो माझ्या घरची चिंच वापरायचा आणि वर बहिणीला सांगायचा, "बाई, भाऊजीले सांगू नको."

वाजवायचा बरा, पण त्याला माणसांचा फार लोभ. वरात रस्त्याने निघाली, की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर याच्या ओळखीचं कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. मग हा भोंग्यातून तोंड काढून विचारायचा, "काय काकाजी, गुडघा कसा हाय आता?" काकाजी गुडघ्याची हकीकत सांगेपर्यंत ढोल चार घरं पुढे गेलेला असायचा, आणि हा धावत जाऊन भलत्याच ठिकाणी 'पों' करायचा. एकदा तर नवरीच्या दारात सगळा बँड थांबला, मंगलाष्टकांना सुरुवात झाली, आणि गल्लीच्या टोकाकडून याचा एकट्याचा बास येत राहिला. बँडमास्तरने दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बजावलं, "आता अकोल्याचं लग्न हाय. तिथं तुया वळखीचं कुत्रंही नाही. तिथं चुकला, तर बास मी दुसऱ्याले देईन. तू डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालजो." त्या रात्री मेव्हणा जेवला नाही. मला वाटलं, एक पोळी वाचली. पण बायकोही जेवली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

सराव करायचा तर ढोल हवा. ढोलवाल्याने स्वच्छ सांगितलं, की एक दिवस येईन, रोज यायला मी काही तुया घरचा गडी नाही. इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला. चिखलदऱ्याच्या एका कॉफीमळ्याच्या साहेबाने जाताना विकलेल्या सामानात मला एक टेपरेकॉर्डर आला होता. ट्रंकेएवढं ते धूड, वर दोन चकत्या, आणि एकच फीत. वर्षभर दुकानात पडून होतं. अमरावतीत त्याला गिऱ्हाईक नव्हतं. मी मेव्हण्याला म्हटलं, "ढोलवाल्याले एक दिवस बोलाव, याच्यात त्याचा ढोल भर, अन् मंग जन्मभर त्याचं तोंड पाहू नको." त्याने घासाघीस न करता ते घेतलं. मी मिशीत हसलो. आयुष्यात मी केलेला सगळ्यात वाईट सौदा तो.

रविवारी दुपारी ढोलवाला आला, पोहे खाल्ले आणि वाजवू लागला. दुपारची झोप हा माझा एकमेव शौक आहे. मी अर्धा तास सहन केलं, मग खिडकीत जाऊन ओरडलो, "अबे बंद कर ते, मानसं झोपून राहिले इथं." ते फितीवर चढलं. आणि चढलं कुठे, तर वरातीच्या त्या चालीत ढोल एक क्षण थांबतो आणि बासने लांब सूर धरून उठायचं असतं, नेमकं तिथे. मेव्हणा हमखास चुकायचा तीही हीच जागा. म्हणून तो फीत उलटी गुंडाळून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा. ढोल, माझा ओरडा, पों. ढोल, माझा ओरडा, पों. संध्याकाळी वीज कमी दाबाने आली, की ढोल रेंगाळायचा आणि माझा आवाज दारू प्यायल्यासारखा जड व्हायचा. गल्लीत लोक बायकोला विचारू लागले, शेठजींची तब्येत बरी आहे ना. मी खवळून म्हटलं, "माहा आवाज खोडून टाक त्याच्यातून." तो शांतपणे म्हणाला, "मंग ढोलही जाईन न, भाऊजी. अन् तुमी लय वेळेवर वरडले. असं मापात कोणी वरडत नाही."

अकोल्याच्या लग्नाला मलाही आमंत्रण होतं. नवऱ्या मुलाच्या काकाला शाळेसाठी कपाटं घ्यायची होती आणि वरातीत चालता चालता मी त्याला जवळजवळ पटवलंच होतं. मेव्हणा सरळ समोर बघत, एकालाही रामराम न करता वाजवत होता. बँडमास्तरचा चेहरा निवळला होता. मग ती जागा आली. ढोल थांबला. बास उठलाच नाही. ढोलवाल्याने तो तुकडा पुन्हा घेतला, पुन्हा थांबला. मेव्हणा गाल फुगवून, डोळे मोठे करून नुसता उभा. वरात थांबली, घोडा थांबला. मास्तरने मागे वळून गॅसबत्तीवाल्याकडे पाहिलं. आणि मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं.

मला समजलं. देवाशपथ सांगतो, मी दुसरीकडे बघितलं. नवा कोट, शेजारी गिऱ्हाईक, सौदा पिकत आलेला. पण त्या फुगलेल्या गालांवर डोळ्यातलं पाणी ओघळलं, आणि त्याच्या बहिणीचं न जेवलेलं ताट मला आठवलं. तिसऱ्यांदा ढोल थांबला तेव्हा मी भर रस्त्यात ओरडलो, "अबे बंद कर ते, मानसं झोपून राहिले इथं." आणि असा भरदार सूर उठला, की घोड्याने कान टवकारले. मांडवापर्यंत ती जागा आठ वेळा आली. मी आठही वेळा ओरडलो. काका माझ्यापासून हळूहळू लांब चालू लागले. मांडवाच्या दारात म्हणाले, "तुमचा सोभाव लय गरम दिसते, शेठजी. कपाटाचं मंग पाहू." ते मंग अजून आलेलं नाही.

मेव्हण्याची बँडमधली जागा टिकली. मास्तरने मला पुढच्या लग्नांची यादीही पाठवली, आणि त्यातल्या काहींना मी गेलो, हे गिऱ्हाइकांना सांगत नाही. पुढे त्याचं लग्न होऊन तो अकोल्याला गेला, तिथल्या बँडमध्ये. जाताना टेपरेकॉर्डर दुकानात आणून ठेवला. म्हणाला, "हे तुमचंच हाय, भाऊजी. तुमी हाय त्याच्यात." परवा त्याचं कार्ड आलं. तब्येत, पाऊसपाणी, आणि खाली एक ओळ: इथला ढोलवाला चांगला आहे, पण ओरडणारं कोणी नाही. मी उत्तर लिहिलेलं नाही. कपाटं गेली ती कोणामुळे, हे त्याने एकदा तरी विचारायला हवं होतं.

यंत्र विचारत कोणी आलं, तर मी असा भाव सांगतो की माणूस पायरी उतरून जातो. दुपारी घर इतकं गप्प असतं, की झोप येत नाही. मग मी फीत लावतो. ढोल येतो, थांबतो, माझा तरुण, चिडका आवाज येतो. त्यानंतर पुढे नुसता ढोल. आतून बायको म्हणते, "बंद करा न ते, मानसं झोपून राहिले." मी फीत उलटी गुंडाळतो आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावतो.