टाळूची कातडी, नर्सरीचं बोट

ऑपरेशननंतरचे दहा दिवस मी अकोल्याला, जठारपेठेत मोठ्या नणंदेकडे काढले. दातांची डॉक्टर तिच्या घरापासून पायी पाच मिनिटांवर. आणि अमरावतीच्या पुढे आमची संत्र्याची नर्सरी आहे. घरी राहिले असते तर दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन बसले असते.

खालच्या पुढच्या एका दाताची हिरडी इतकी उतरली होती की मूळ उघडं पडलं होतं. तोंडातल्या टाळूची पातळ कातडी काढून ती तिथे शिवायची, असं ठरलं. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, म्हणून डॉक्टरने आधी तीन महिने थांबवलं आणि साखर खाली आल्यावरच हात लावला.

"काकू, पहिले काही दिवस त्या तुकड्याला स्वतःचं रक्त नसतं," तिने सांगितलं होतं. "खालून झिरपेल त्यावर तो जगतो. मग बारीक रक्तवाहिन्या येतात. साखर चढली की त्या उशिरा येतात. तोवर तो हलला तर गेला. ओठ ओढून बघायचं नाही."

मी मान हलवली. चौथ्या दिवशी मात्र नणंदेच्या कपाटाच्या आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावून मी उभीच होते.

आमच्याकडे जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अंकुरासकट सालीचा तुकडा, भरून कलम करतात. डोळ्याला पानाचा देठ ठेवलेला असतो. काही दिवसांनी त्याला बोट लावायचं. देठ सहज गळाला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर गेला. लग्नापासून हेच करत आले. हजारो रोपं या बोटाने तपासली आहेत. आरशात तुकडा पांढरा दिसला आणि मी ओठ खाली ओढून त्यावर बोट टेकवलं.

"काहून वं, काय करून राहिली तिथं?" मागे नणंद, हातात भाताच्या पेजेची वाटी.

"पाहून राहिले, ताई."

"डाक्टरनं पाहू नको म्हणलं ना तुले? पाच पैशाचा धीर नाही. पोटात लेकरू होतं तवा कसं केलं तू? रोज उघडून पाहत होती का?"

वाटी ठेवून तिने आरशावर टॉवेल टाकला.

दुसऱ्या सकाळी थुंकीत रक्त आलं. उपाशीपोटी साखर तपासली तर दोनशे दहा. पातळ भात आणि साबुदाण्याची पेज, एवढ्यावरच चार दिवस काढले होते, त्याचा हा परिणाम. बोट लावल्याचं डॉक्टरला सांगितलं. तिने तोंडात पाहिलं. डावीकडचा एक टाका सैल झाला होता.

"पुन्हा टाका घालता येणार नाही, जागा फार नाजूक आहे," ती म्हणाली. टाळूची जखमही एव्हाना भरायला लागायला हवी होती, ती अजून लालभडक होती. तिने मला फिजिशियनकडे पाठवलं, त्याने काही आठवड्यांसाठी इन्सुलिन दिलं आणि पेज बंद करून थंड मूगडाळ, दही, पनीर खायला सांगितलं.

पुढचे पाच दिवस माझ्या हातांना काम नव्हतं. मी नणंदेचा दोन महिन्यांचा लसूण सोलून ठेवला. तिच्या तुरीच्या डाळीत खडे नव्हते, तरी ती निवडली. दिवसातून चार वेळा नवऱ्याला फोन करून नर्सरीत पाणी सोडलं का ते विचारलं. शेवटी तो म्हणाला, "तू बोलू नको, तोंड हलते."

दहाव्या दिवशी टाके काढले. उजवी बाजू गुलाबी होऊन धरली होती. डावी बाजू सुटून आली. मूळ अर्धं झाकलं गेलं, अर्धं उघडंच राहिलं.

"दात राहील ना?" मी विचारलं.

"सध्या राहील. उरलेल्या भागाचं पुन्हा करावं लागेल. तीन महिन्यांनी साखरेचा रिपोर्ट आणा, मग बोलू."

"यात साखरेचा दोष किती आणि माझ्या बोटाचा किती?"

तिने हातमोजे काढले. "साखर नसती तर बोटाचं कदाचित निभावलं असतं. बोट लावलं नसतं तर साखरेचंही. अर्धं-अर्धं धरा."

मला ते पटलं नाही. बोटाचा वाटा जास्त असावा असं मला वाटतं, कारण साखर मी मुद्दाम चढवली नव्हती. वाद घातला नाही. धरलेली बाजू पक्की व्हायला किती दिवस लागतील ते विचारलं. अजून महिनाभर, ती म्हणाली. मग फ्रिजमधलं इन्सुलिन प्रवासात थंड कसं ठेवायचं ते नीट समजून घेतलं आणि घरी जायला दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला निघाले.