चुडाव्याहून येणाऱ्या ओळी

सुमेध गेल्याचं मला त्याच्या वडिलांनीच फोनवर सांगितलं. जन्मभर वर्गात उभं राहून बोललेला आवाज, तोच सावकाश, स्पष्ट. "सुमेध गेला, माय. दुपारी गेला. तू जेवून निघ, इथं येईस्तोवर उशीर होईल." मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. ज्याचा एकुलता एक मुलगा तासाभरापूर्वी गेलाय, त्या माणसाला माझ्या जेवणाची काय पडलीय... मी न जेवताच मानवत रोड स्टेशनवरून गाडी धरली. चुडाव्याला उतरून पोचले तेव्हा काका, म्हणजे सुमेधचे वडील, घरासमोर खुर्च्या मांडत होते. शेजारचे लोक त्यांच्या हातातली खुर्ची काढून घेत होते आणि ते दुसरी उचलत होते. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खुर्च्यांकडं वळले. आता काही महिन्यांनी लिहायला बसलेय तर पहिलं हेच आठवतंय.

सुमेध आणि मी नांदेडला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. मी होस्टेलवर, तो रोज चुडाव्याहून गाडीनं ये-जा करणारा. गाडी उशिरा आली की हा पहिला तास बुडवून येणार आणि माझीच वही घेऊन मलाच तिच्यातल्या चुका दाखवणार. आमची मैत्री भांडणातून झाली आणि भांडणावरच टिकली. पुढं तो पुण्याला एका कंपनीत गेला, मी मानवतला घरी परतले आणि जिनिंगवाल्यांच्या, कॉलेजांच्या वेबसाइटी सांभाळायचं काम घेऊ लागले. तो मला "मॅडमचा कारखाना कसा हाय" म्हणून चिडवायचा. मी त्याला विचारायचे, पुण्यात राहून तुझी "हाय-न्हाई" गेली कशी नाही? तो म्हणायचा, "तिकडं बोलायला हाय कोण? वापरलीच न्हाई तर झिजंल कशी?" तेव्हा मी हसले होते. आता कळतं की तो तिथं लय एकटा होता. मीही इथं एकटीच होते, पण आम्ही दोघंही असलं काही बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हतो.

त्याची स्वतःची एक साइट होती. नोकरीच्या पहिल्या वर्षातच त्यानं ती उभी केली होती आणि तिच्यावर तो मराठीत लिहायचा. मराठी शब्द संगणकानं नीट क्रमानं लावावेत म्हणून काय करावं लागतं, खेड्यातल्या पोरानं प्रोग्रॅमिंगची सुरुवात कुठून करावी, आणि मध्येच एखादा लेख येलदरीच्या जलाशयात जाळं टाकणाऱ्यांवर. वाचणारे मोजके होते. त्यातला सगळ्यात नेमाचा वाचक म्हणजे त्याचे वडील. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, गाव त्यांना गुरुजी म्हणतं, सुमेध त्यांना दादा म्हणायचा. आई तो शाळेत असतानाच वारलेली. प्रोग्रॅमिंगमधलं काकांना ओ का ठो कळत नसे. पण मुलाचा लेख आला की ते चष्मा लावून फोनवर तो शेवटपर्यंत वाचत आणि खाली एकच शब्द टाकत, "पाहिले". पोरांच्या वह्या तपासून झाल्या की ते लाल शाईनं हेच लिहीत आले होते. कधी खूश असले तर पुढं "अक्षर चांगले" असंही लिहीत. छापल्यासारख्या अक्षरांना अक्षर चांगले! सुमेध त्याखाली उत्तर द्यायचा, "दादा, सही राहिली." असं वर्षानुवर्षं चाललं होतं. फोनवर बाप-लेक हवापाण्यापलीकडं बोलत नसत. जे काही होतं ते इथं, एका शब्दात आणि त्याच्या उत्तरात.

त्यात एक गंमत होती. साइटवर कोणी काही लिहिलं की ते लगेच दिसत नसे, सुमेधनं मंजूर केल्यावर दिसे. कर्जाच्या आणि औषधांच्या जाहिराती टाकणारे जगभरातून घुसतात, त्यांच्यासाठी ही चाळणी. आणि पुन्हापुन्हा तोच एक शब्द लिहिणारा माणूस यंत्राला जाहिरातवालाच वाटायचा. त्यामुळं काकांची ओळ दरवेळी कचऱ्याच्या पेटीत पडायची, आणि सुमेध रोज संध्याकाळी कामावरून आला की ती तिथून उचलून मंजूर करायचा. यंत्राला एकदा सांगून ठेव ना की हे वडील आहेत, असं मी म्हटलं होतं. त्याला ते दोन मिनिटांचं काम होतं. तो म्हणाला, "असू दे. संध्याकाळी हुडकायला बरं वाटतं."

मग दुखणं निघालं. पुण्यातले उपचार झाले, थकले, आणि तो चुडाव्याला परत आला. काकांनी त्याची खाट पुढच्या खोलीत टाकली होती. मी जमेल तेव्हा जायचे. मला वाटलं होतं, आता हा आयुष्याबद्दल काही बोलेल. याचं आपलं एकच, साइट हलवायचीय. जुनी साइट म्हणजे खानावळ, असं त्यानं मला समजावलं, जणू मी हेच काम करून पोट भरत नाही. गिऱ्हाईक आलं की तवा तापवायचा, म्हणजे मागं कोणीतरी सतत उभं पाहिजे. यंत्र चालू ठेवा, दुरुस्त्या करा, चोरांपासून राखा. त्यापेक्षा सगळी पानं एकदाच तयार करून ठेवायची, उन्हाळ्यात कुरडया करून डब्यात भरतात तशी. मग मागं कोणी नसलं तरी चालतं. आत काका चहाला आधण ठेवत होते.

पानं त्यानंच बदलली, उशीला टेकून, थोडी थोडी. बोटं सुजायची. मी करते म्हटलं तर अंगावर यायचा. शेवटच्या भेटीत मात्र त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "लेख सगळे झालेत. दादांच्या ओळी तेवढ्या राहिल्यात. नव्या घरात लिहायची पेटी नसणार, पण जुन्या ओळी गेल्या नाही पाहिजेत. एक बी नको जायला." मी म्हटलं, तुझ्यासमोरच करू, घाई काय आहे. तो हसला. पुढच्या आठवड्यात फोन आला, तो मी वर सांगितलाच.

महिनाभर मी घरी आणलेल्या त्या लॅपटॉपला हात लावला नाही. मग एका रविवारी बसले, कारण साइट ज्या जुन्या यंत्रावर होती त्याचं भाडं लवकरच संपणार होतं. साइटच्या मागच्या दारानं आत शिरले, मंजूर झालेल्या सगळ्या ओळी उतरवून घेतल्या. वर्षानुवर्षांचं "पाहिले", त्याखाली सुमेध. मग सवयीनं कचऱ्याची पेटी उघडली. वर कर्जवाले, औषधवाले, कुठल्या कुठल्या देशातले. आणि त्यांच्या गर्दीत, मध्ये मध्ये, "पाहिले". तारखा सुमेध गेल्यानंतरच्या. काका पहिल्या लेखापासून पुन्हा सगळं वाचत होते आणि प्रत्येकाखाली शेरा टाकत होते. मंजूर करायला कोणी नव्हतं, म्हणून त्या ओळी तिथंच साचल्या होत्या. मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेले. घरात कोणी नव्हतं, कोणाला सांगणार...

परत येऊन मी काय केलं ते कोणीही केलं असतं. मला वाटलं, तो म्हातारा माणूस रोज लिहितोय आणि त्याचं लिहिलेलं त्याला कधीच दिसत नाहीये, किती वाईट. शिवाय मंजूर केल्याशिवाय त्या ओळी नव्या साइटवर येणारही नव्हत्या, आणि एकही जाऊ द्यायची नव्हती. मी सगळ्या निवडल्या आणि एकदम मंजूर केल्या. सुमेध गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं. आता काकांचा फोन येईल, खूश होतील, असंही मनाशी धरून बसले.

फोन आला नाही. आणि पेटीत नवी ओळही आली नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी रोज उघडून पाहू लागले. जाहिरातवाले बिनचूक येत होते, काका येत नव्हते. तब्येत बिघडली की काय म्हणून शेवटी मीच गेले. काका ठीक होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. सुमेधची खाट अजून पुढच्याच खोलीत होती, तिच्यावर धुतलेले कपडे घड्या करून ठेवलेले. चहा झाला. हवापाणी झालं. मग मीच विचारलं, काका, तुमच्या ओळी दिसायला लागल्या, पाहिलं का तुम्ही? त्यांनी मान हलवली.

"तू केलंस का ते?"

मी हो म्हटलं. ते बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "लिहिलं की खाली एक वाक्य यायचं, माय. तुमची प्रतिक्रिया मान्यतेच्या प्रतीक्षेत आहे. मी तेवढंच वाचायला जायचो."

ते वाक्य सुमेधनंच मराठीत केलेलं होतं. तहसील कचेरीसारखं वाटतं म्हणून मी त्याची खूप थट्टा केली होती.

"ते दिसलं की वाटायचं, त्याचं काम राहिलंय अजून. संध्याकाळी बसंल. मला काय कळत न्हाई का माय, मीच तर त्याला..." इथं ते थांबले. खाटेवरचा एक शर्ट उचलला, पुन्हा तशीच घडी घातली. "तू मंजूर केलंस, सगळ्या ओळी दिसायला लागल्या. तवा ध्यानात आलं, आता त्याच्याकडं काही काम न्हाई."

मला रडू आलं, आणि यांच्यासमोर आपण रडावं हे बरोबर नाही असंही वाटलं. मग मी जे बोलले ते आमच्या धंद्यातलाच माणूस बोलू शकतो. मी म्हटलं, काका, त्या परत प्रतीक्षेत टाकता येतात, एक बटण आहे, आत्ता करते. मी खरंच पिशवीतून लॅपटॉप काढला. काका माझ्याकडं पाहत राहिले आणि चक्क हसले. वर्गातल्या हुशार पोरीनं भलतंच उत्तर दिल्यावर हसत असतील तसे. "ठेव ते," म्हणाले, "परत कसं व्हायचं आता." मी त्यांना नव्या साइटबद्दल सांगितलं. तिथं लिहायची पेटी नसेल, पण तुम्ही मला फोनवर सांगत जा, मी तुमची ओळ तिथं लावत जाईन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. त्यानं जसं ठरवलं तसं कर. निघताना त्यांनी विचारलं की हे सगळं बंद करायचं ते कधी करणार. परवा सकाळी, म्हटलं. "मग फोन लाव. मी असतो."

मी लावला. एका हातात फोन धरून नवी पानं चढवली, पत्ता नव्या जागेकडं वळवला. पलीकडं काकांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आपल्याच पोराच्या शाळेचा दाखला काढायला आल्यासारखे ते ताटकळत उभे असावेत. मी त्यांना एकेक पायरी सांगत गेले, त्यांना कळत नव्हती तरी. जुनं यंत्र बंद करण्याआधी पडद्यावर खात्री आहे का म्हणून प्रश्न आला, आणि मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कर."

झालं, काका, म्हटलं. सगळे लेख आलेत. तुमची एकही ओळ गेली नाही.

"शेवटची बी हाय का? आता मंजूर केलीस ती."

"आहे."

"तिच्याखाली काय दिसायलंय?"

मी पडद्याकडं पाहिलं. जुन्या सगळ्या ओळींखाली सुमेधची उत्तरं होती. हिच्याखाली पान संपत होतं.

"काही नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.