तेरा किलो मासळी

सर्व संबंधितांस, विशेषतः माझ्या थोरल्या बहिणीस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या घरातली गुप्त संदेशयंत्रणा शत्रूने फोडली आहे. शत्रू म्हणजे आमचे बाबा. जन्मभर तलावात जाळं टाकलेला माणूस, आता खाटेवर.

बाबांच्या अंगात रक्त बनेनासं झालं होतं. ते किती उरलं हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघा भावंडांनी ठरवलं. मी चंद्रपूरला राहतो. घरी काढलेलं बाबांचं रक्त इथल्या लॅबमध्ये येई; तिचा रिपोर्ट घ्यायचा आणि बाईला, म्हणजे थोरल्या बहिणीला, फोन करायचा, हे माझं काम. पण घरातला एकुलता एक फोन बाबांच्या उशाशी, आणि त्यांचा हुकूम: स्पीकर चालू पाहिजे. मी पडलो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा! फक्कड युक्ती काढली. हिमोग्लोबिनच्या आकड्यात पाच मिळवायचे आणि माझ्या घरामागच्या तलावात निघालेली मासळी म्हणून सांगायचे. पाच ही आमची किल्ली, मागच्या भेटीत अंगणात ठरवलेली.

"बाई, आज तेरा किलो निघाली!" म्हणजे आठ.

"वा वा!" बाई म्हणाली.

"कोणती बे?" मध्येच बाबा.

"रोहू."

"जाळं धराची अक्कल नाई, अन् मले रोहू सांगून राह्यला!"

मी पोट धरून हसलो. पुढच्या खेपेला बारा किलो. मग दहा.

वर्गात मी हातवारे करून सांगतो, एक किल्ली दुसऱ्यांदा वापरू नका. शत्रूला किल्ली सापडली नाही तरी तो दोन संदेशांची वजाबाकी करतो. किल्ली दोन्हीकडे तीच, म्हणून ती उडून जाते आणि खरा फरक उघडा पडतो. हे सगळं मला पाठ. पण नवी किल्ली बाईला कळवणार कशी? फोन उशाशी, आणि बाबांना सोडून ती अंगणापलीकडे जाईना. पाचच राहिले.

परवा रिपोर्टात चार होते. मी आवाजात सगळी जत्रा भरली.

"बाई, नऊ किलो!"

तिचं 'वा वा' आलंच नाही. नाक ओढल्याचा आवाज आला, खाट करकरली, आणि फोनच्या अगदी जवळून बाबा बोलले,

"रगत काढून नेलं का, तुया मासोळीचा फोन येते. अन् दर खेपेले कमी. मीच आटून राह्यलो ना, बापू?"