कोरडे लुगडे

पन्नाशी उलटलेल्या ज्या कारकुनाने आजवर दुसऱ्यांचे बोलणे सुवाच्य अक्षरांत उतरवण्यापलीकडे काही केले नाही, त्याने स्वतःचे चार शब्द छापायला द्यावेत हे धारिष्टच आहे. त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. मी कोणत्याही सभेत कधी उभा राहिलो नाही. चारचौघांत बोलण्याची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडते. शाळेत संस्कृताचे बक्षीस लागले तेव्हा तेसुद्धा माझ्याऐवजी थोरला भाऊ घेऊन आला. असा मनुष्य ईश्वरी कृपेविषयी काय लिहिणार? पण जे पाहिले ते पोटात ठेवून पुष्कळ वर्षे झाली, आणि देवाचे उपकार आठवायला बसलो की उपकारांच्या आधी संतापच वर येतो. दोन्ही एकाच सकाळचे आहेत. एक सांगून दुसरे झाकता येत नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

ठाण्यात मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत मी नोकरीस होतो. कोणी वेडा ठरण्याजोगा इसम सापडला किंवा घरच्यांनी आणून दिला, म्हणजे त्याला एका दवाखान्याच्या मागील खोल्यांत काही दिवस नजरेखाली ठेवीत. दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही. ते आता तसे राहिलेलेही नाही. दर सोमवारी नऊच्या सुमारास डॉक्टरसाहेब त्या खोल्यांकडे येत, एकेकाला पाहत, आणि जे पाहिले ते तोंडाने सांगत. दाखल्याचा कागद मी भरीत असे. त्यात दोन रकाने असत: साहेबांनी स्वतः पाहिलेली लक्षणे एका बाजूस आणि घरच्यांनी सांगितलेली दुसऱ्या बाजूस. तो कागद कचेरीत मंजूर झाला की दुपारच्या गाडीने त्या माणसाची रवानगी मुंबईस, वेड्यांच्या इस्पितळात. तेथून परतलेले मी फार थोडे पाहिले.

बायकांच्या दाखल्यांत पहिल्या रकान्यातील मजकूर बहुधा एकच असे: ‘मोठ्याने ओरडते. अंगावर वस्त्र ठेवीत नाही. विचारलेल्या प्रश्नास उत्तर देत नाही.’ हा मजकूर मी अकरा वर्षे लिहिला. पुढे पुढे तर साहेबांनी तोंड उघडण्याआधीच पहिली दोन वाक्ये माझी लिहून तयार असत, आणि साहेब हसून म्हणत, “तुम्हीच डॉक्टर व्हा, मग मी घरी बसतो.” मला त्याचा अभिमान वाटे. सगळ्या बायकांचे वेड इतके सारखे कसे, हा प्रश्न संस्कृताचे बक्षीस मिळवलेल्या या डोक्यात अकरा वर्षांत एकदाही आला नाही.

माझी धाकटी बहीण कृष्णा कल्याणास दिली होती. आश्विनात तिचे तान्हे मूल गेले. त्यानंतर ती जेवेना, बोलेना, आणि रिकामा पाळणा हलवीत बसे. कोणी पाळणा काढू लागले तर दोरी घट्ट धरून ठेवी. याखेरीज तिने काहीही केले नव्हते. तिचे सासरे कल्याणातील नावाजलेले वकील. त्यांच्यापुढे तिच्या यजमानांची ब्र काढण्याची छाती नव्हती. दोन महिने अंगारे, धुपारे, उतारे झाले. कोणी म्हणाले पूर्वजन्मीचे पाप, कोणी म्हणाले घराण्याचा दोष, आणि घराण्याचा म्हणजे अर्थात आमच्या घराण्याचा! शेवटी पौषात सासऱ्यांनी रीतसर अर्ज केला आणि तिला आगगाडीने आणून त्या खोल्यांत सोडले. मला त्यांनी कळवलेही नाही. अर्ज नोंदीसाठी माझ्याच टेबलावर आला, तेव्हा मला समजले.

येथे माझे पाप सांगतो. ही माझी बहीण आहे, हे मी कचेरीत कोणालाही सांगितले नाही. लाज वाटली. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, “कल्याणच्या वकिलांच्या घरात वेड? अहो, मग आपले काय होणार!” मी त्यावर हसलो. होय, हसलो. घरी बायकोला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “उद्या जाऊन घेऊन या तिला. सासरी नको असेल तर आपल्या घरी राहील.” मी म्हटले, “कायदा असतो.” ती म्हणाली, “कायदा तुमच्याच अक्षरात असतो ना?”

मी एवढेच केले, की तळ्याकाठच्या महादेवाला गाऱ्हाणे घातले. दर सोमवारी सकाळी मी तेथे अभिषेक करीत असे. त्या सोमवारी, ज्या दिवशी कृष्णेचा दाखला व्हायचा होता, मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. थंडी कडाक्याची होती. तांब्यातील पाण्याने बोटे बधिर झाली होती. मनात भक्ती नव्हती, तंटा होता. इतकी वर्षे तुझ्या डोक्यावर पाणी घातले, आणि तू माझ्या बहिणीला हे दिलेस, असे मी देवाला म्हणत होतो. तेवढ्यात पिंडीजवळ बसलेला म्हातारा गुरव म्हणाला, “जरा बेताने घाला हो रावसाहेब. सकाळपासून सगळे गारच ओततायत. देव झाला म्हणून त्याला हुडहुडी भरत नाही का?”

मी ओशाळून थांबलो. तो आपला खांद्यावरचा पंचा घेऊन पिंडी पुसू लागला आणि स्वतःशीच बोलावे तसे म्हणाला, “घालायला गाव येतो. पुसायला कोणी थांबत नाही.”

म्हातारा रोजच काहीतरी पुटपुटे. माझ्यासाठी म्हणून तो बोलला नसावा. पण ते शब्द मला लागले. अर्धा भरलेला तांब्या मी तेथेच ठेवला. पूजा अपुरी टाकून उठण्याची माझ्या आयुष्यातील ती पहिली वेळ. पाय कचेरीकडे न वळता दवाखान्याकडे वळले. का, ते मला आजही सांगता येत नाही. आठसुद्धा वाजले नव्हते. अकरा वर्षांत मी नऊच्या आधी त्या आवारात पाऊल टाकले नव्हते.

मागच्या बाजूने ओरडणे ऐकू आले. पाहतो तो विहिरीजवळ दोन बायका उभ्या केलेल्या. एक कोणी अनोळखी, आणि दुसरी माझी कृष्णा. खोल्यांवरची जमादारीण एका गड्याकडून घागरी भरवून घेत होती आणि लुगड्यासकट त्यांच्या डोक्यावर ओतीत होती. “साहेब यायचेत, वास नाय आला पायजे!” असे ती गड्याला बजावीत होती. दोघी किंचाळत होत्या. पौषातील सकाळी विहिरीच्या पाण्याने कोण किंचाळणार नाही? जमादारीण किंचाळली नसती? साहेब, मी, कचेरीतील कोणी, आम्ही किंचाळलो नसतो? अंगाला चिकटलेले गार लुगडे ती अनोळखी बाई ओढून काढू लागली, तशी जमादारीण गड्याला म्हणाली, “बघ, लागली फेडायला. येडी ती येडीच.”

वाचकहो, तेथे भिंतीला टेकून मी उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझीच वाक्ये घडवली जात होती. मोठ्याने ओरडते. अंगावर वस्त्र ठेवीत नाही. दात इतके वाजत होते की नाव विचारले तरी सांगता आले नसते, म्हणजे तिसरे वाक्यही तयारच. अकरा वर्षे दर सोमवारी सकाळी हे वेड विहिरीतून काढले जात होते, आणि नऊ वाजता मी ते सुंदर अक्षरांत टिपून घेत होतो! जमादारणीला तरी काय बोलू? बायका स्वच्छ दिसाव्यात एवढाच हुकूम तिला होता, आणि तो ती पाळीत होती. ज्यांनी हुकूम दिला आणि त्या घटकेला जे कधी तेथे फिरकले नाहीत, त्यांचा मला संताप येतो, आणि त्यांत मीही आहे.

मी ओरडलो नाही. पुढे झालो नाही. घशाला नेहमीची कोरड पडली. मनात फक्त इतकेच म्हणालो, की देवा, मला काही जमत नाही, आता तूच बघ. ती प्रार्थनाही नव्हती; हात टेकणे होते.

तेवढ्यात आवाराच्या दारातून एक आगरी बाई आत आली. खाडीकाठच्या कोपर गावची, नाव भागी. खोल्यांवरची एक बाई तापाने पडली होती, तिच्या जागी बदली म्हणून ती त्या दिवशीच प्रथम येत होती. काखेत एक गाठोडे होते. तिने विहिरीकडे पाहिले, गाठोडे खाली टाकले आणि थेट कृष्णेपुढे जाऊन उभी राहिली.

“ए बाय, ही काय म्हसरं हायेत का?” ती जमादारणीला म्हणाली.

“तू नवीन हायेस, गप ऱ्हा. साहेबाचा हुकूम हाय.”

“साहेबाच्या डोक्यावं वत एक घागर. बगू कसा बोलतो तो.”

गडी फिसकन हसला. भागीने तोवर गाठोडे सोडले होते. त्यात तिचे स्वतःचे दुसरे लुगडे होते, जाडेभरडे, धुऊन वाळवलेले. ते तिने कृष्णेभोवती गुंडाळले, आतून ओले लुगडे ओढून काढले, पदराच्या टोकाने केस खसखसून पुसले आणि तिला उन्हाच्या कवडशात नेऊन बसवले. मग तेथल्याच स्वयंपाकघरातून सुपात थोडे तांदूळ आणून ते तिच्या मांडीवर ठेवले आणि खांद्याला खांदा लावून शेजारी बसली. काही विचारले नाही, समजूत घातली नाही. दोघी तांदूळ निवडू लागल्या. दोन महिने ज्या हातांनी पाळण्याच्या दोरीखेरीज काही धरले नव्हते, ते हात खडे वेचीत होते.

नऊ वाजता साहेब आले. त्यांच्याबरोबर कृष्णेचे सासरेही होते. साहेबांनी विचारले, “नाव काय तुझे?” कृष्णेने मान वर न करता हळूच नाव सांगितले. साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. “ही ओरडत नाही. वस्त्रही नीट आहे,” ते म्हणाले. “शोक दिसतो आहे. मूल गेले म्हणता ना? वकीलसाहेब, हिला घरी न्यावी हे बरे.”

सासऱ्यांचे लक्ष तिच्या अंगाकडे गेले. “हे लुगडे कोणाचे?” ते गरजले. “आगरणीचे? आमच्या घरच्या सुनेच्या अंगावर? छे! आता तर ती आमच्या उंबऱ्याच्या आत येणे नाही.”

हे त्यांचे सोवळे! जिला अनोळखी माणसांच्या हाती सोडून जायला त्यांची हरकत नव्हती, जिला जन्मभर वेड्यांत ठेवायला ते निघाले होते, ती एका कोरड्या वस्त्राने बाटली! भागीने वर पाहिले आणि शांतपणे म्हणाली, “वलीच ऱ्हायली असती तं चाललं असतं का वो तुमाला?”

साहेब कंटाळून म्हणाले, “मग हवाली करू कोणाच्या? हिचे दुसरे कोणी आहे की नाही?”

सासऱ्यांनी मला ओळखले होते; त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. लेखणी माझ्या हातात होती. घसा कोरडाच होता. पण त्या कोरड्या घशातून शब्द आले, आणि ते मी काढले असे मला आजही वाटत नाही. “मी आहे, साहेब. मी तिचा भाऊ.”

साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. कृष्णेने सुपावरून डोके वर केले. दोन महिन्यांनी तिने मला हाक मारली, “दादा, मला घरी ने.”

ती आमच्याकडे आली. सासऱ्यांनी अपशकुनी म्हणून पाळणाही खटाऱ्यातून पाठवून दिला. माझ्या बायकोने तो माजघरात टांगला आणि कोणी त्याविषयी एक शब्द काढायचा नाही असे सर्वांना बजावले. पुढच्या पावसाळ्यानंतर एके दुपारी कृष्णेनेच त्याच्या दोऱ्या सोडल्या. आम्ही सोडल्या नाहीत.

भागी आठ दिवसांनी परत गेली होती. मी तिचे लुगडे धुऊन, सोबत एक नवे घेऊन, होडीने कोपरास गेलो. ती मिठागरावर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने आपले जुने घेतले, नवे घेतले नाही. मी म्हटले, “तुमच्या रूपाने देवच आला.” ती हसत सुटली. “देव कशाला येतोय चिखलान! आमी दिसभर वल्या असतो, दादा. आंग सुकं झाल्याबिगर मना पन कोनाशी बोलवत नाय. तवरंच म्हायत होतं.”

ही कृपा माझ्यावर झाली. तिचे ऋण मी जन्मभर मानतो. मला जमत नाही असे मनापासून म्हटले तेव्हाच काही घडले, हेही मी शिकलो. पण येथे थांबलो तर मी पुन्हा अर्धेच सांगितले असे होईल.

गाठोड्यात कोरडे लुगडे एकच होते. विहिरीवरची ती दुसरी बाई ओलीच राहिली. साहेब तिच्यासमोर गेले तेव्हा ती ओरडत होती आणि लुगडे फेडीत होती. मला सगळे ठाऊक होते. आवाज नुकताच फुटला होता, पण तो माझ्या बहिणीपुरताच पुरला. मी नेहमीची तीन वाक्ये नेहमीच्या अक्षरांत लिहिली. दुपारच्या गाडीने ती गेली. नावाच्या जागी ‘माहीत नाही’ असे आहे, तेही माझ्याच हातचे. पुढल्या सोमवारी मी साहेबांना सारे सांगितले. त्या दिवसापासून सकाळची ती आंघोळ बंद झाली. त्या बाईसाठी मी मुंबईस तीन पत्रे लिहिली. पत्ता लागला नाही.

महादेवाला मी आजही जातो. थोडेच पाणी घालतो आणि पुसायला थांबतो. देवाने भागीचा तो हात एकट्या माझ्यासाठी पुढे केला नव्हता, हे समजायला मला एक आठवडा उशीर झाला, आणि त्या आठवड्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी बहिणीने दिली.

वाचकहो, तुमच्या गावातही अशा खोल्या असतील. साहेब येण्याच्या आधी तेथे काय चालते, हे तुम्ही कधी जाऊन पाहिले आहे काय?