ओट्यावरची अक्षरं

मला कंपनीत काम मिळालं असं घरी सांगितलं तेव्हा यजमानांनी पहिला प्रश्न विचारला, “माल काय काढतात?”

मला सांगता येईना. हे अंबरनाथला केमिकलच्या कंपनीत होते. त्यांच्या हिशेबी कंपनी म्हणजे भोंगा, धूर आणि गेटमधून भरून बाहेर पडणारा ट्रक. माझी कंपनी म्हणजे बदलापूरला स्टेशनकडच्या नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावरचे दोन ब्लॉक. एका ब्लॉकात थंड खोली, तिच्यात काचेच्या तोंडाची मशीनं आणि त्यांच्यापुढे बसलेली शिकलेली मुलं. दिवसभर टकटक चालायची आणि संध्याकाळी सगळे रिकाम्या हातानं घरी जायचे.

“माल दिसत नाही तिथं काहीतरी काळंबेरं असतं,” हे म्हणाले. “जा, पण कशावर अंगठा-सही करू नकोस.”

मला सही येते. तरी मी मान डोलावली.

काम झाडू-पोछाचं आणि चहाचं. गावातून नदीवरचा पूल ओलांडून चालत जायची. साहेब पूर्वी अंबरनाथला कारखान्यात ऑफिसर होते, ती नोकरी सोडून त्यांनी हे काढलं होतं. कामावर ठेवताना त्यांनी विचारलं होतं, “शाळा किती?”

“चौथी.”

“इंग्रजी?”

“नाही.”

त्यावर त्यांचा चेहरा खुलला. मला ते खटकलं. आपल्याला अमुक येत नाही हे ऐकून कोणी खूश होतं का? घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. यांना न वाचता येणारी बाई हवी आहे, म्हणजे तिथं वाचण्यासारखं काहीतरी आहे, असं मी धरून चालले. पुढे कितीतरी दिवस मी टेबलं पुसताना कागदांकडे बघायचंसुद्धा टाळत होते. न जाणो, बघितलं म्हणून बोट दाखवतील.

तो माल काय ते मला हळूहळू कळलं. उल्हासनगरच्या कापडाच्या दुकानांना बिलं बनवून देणारा प्रोग्राम ही मुलं करत. दुकानदाराकडे मशीन असायचं, त्यात ह्यांचा प्रोग्राम घालायचा, मग हातानं बिल लिहायला नको. पण दुकानातली माणसं अडायची. रोज फोन यायचे. मुलं फोनवर ओरडून सांगायची, पलीकडून कोणी त्याहून मोठ्यानं ओरडायचं.

एक दिवस साहेबांनी मला चहाचा ट्रे खाली ठेवायला लावला आणि म्हणाले, “बाई, इथं बसा.”

ती चाकांची खुर्ची होती. मी टेकले तशी ती मागं सरकली. कोणी हसलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. साहेब मुलांना म्हणाले, “आजपासून प्रोग्राम आधी ह्या चालवणार. ह्यांना जमला तर दुकानातल्या माणसाला जमेल. मागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. त्या जिथं थांबतील तिथं चूक तुमची.”

मला इंग्रजी आकडे येत होते, नोटांवरचे, एसटीवरचे. साहेब सांगत, कापडाचा नंबर टाका, मीटर टाका, भाव टाका, वरचं अमुक बटण दाबा. काळ्या काचेवर हिरवे आकडे उमटायचे. मी चुकले की मशीन टूं करून ओरडायचं. माझ्या मानेला घाम यायचा, तोही त्या थंड खोलीत.

यजमानांना सांगितलं तर त्यांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. “एवढं महागाचं मशीन चौथीच्या बाईच्या हातात? बिघडलं की तुझ्या नावावर टाकायचा बेत आहे.”

जाऊ शेजारीच भाकरी थापत होती. “थंड खोलीत खुर्चीवर बसवतो म्हणे,” ती म्हणाली. “मला तर कुणी पाटावर पण बसवत नाही. बघ बाई, नीट बघ.”

मी नीट बघतच होते. पण जे दिसलं ते वेगळंच. माझ्यावर साहेबांचा डोळा नव्हता, मुलांचा होता. मी जिथं अडायची तिथं त्या मुलाला बोलणी बसायची. चष्मेवाला एक मुलगा होता, बिल बनवायचा भाग त्याचा. तो चहाच्या ओट्याशी येऊन म्हणाला, “मावशी, सकाळी माझ्या चहात साखर कमी, दुपारी माझ्याच प्रोग्रामला अडलात. माझं काही चुकलंय का?”

तो हसत म्हणाला होता. पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. त्यानंतर मी त्याच्या कपात साखर जास्त घालू लागले, तर तो दुसऱ्याला म्हणाला, “बघ, आता मस्का चाललाय. साहेबांनी काहीतरी सांगितलेलं दिसतंय.”

त्याचा भाग आकड्यांचा होता, तो दोन-चार वेळा बदलल्यावर मला जमला. खरी अडचण ताईंची झाली. ताई म्हणजे तिथली एकटीच मुलगी, बदलापूरचीच, कॉलेज नुकतंच संपलेलं. तिला कायम केलं नव्हतं. हा प्रोग्राम दुकानदारानं घेतला तर कायम करू, नाहीतर बघू, असं साहेबांनी तिला सगळ्यांच्या देखत सांगितलेलं. घरी वडील आजारी आहेत हे ती कुणाला सांगत नव्हती, पण फोनवर हळू बोलायची ते मला ऐकू यायचं.

तिचा भाग होता बिल रद्द करायचा आणि माल परत घ्यायचा. तिथं मशीन आकडा मागत नसे. ते इंग्रजीत काहीतरी विचारायचं आणि एका अक्षराची वाट बघत बसायचं. मी पण वाट बघत बसायची. दोघं एकमेकांकडे बघत. मागून साहेब म्हणायचे, “थांबल्या.”

“साहेब, बिल चुकून पुसलं तर परत येत नाही,” ताई म्हणायची. “म्हणून अक्षर ठेवलंय. इतकं तर कुणालाही येतंच.”

“ह्यांना येतं का?”

ताई माझ्याकडे बघायची. मी जमिनीकडे.

मग एके दिवशी दुपारी ती ओट्याशी आली. एरवी चहा हवा असला तर दारातून सांगायची. आज आत आली, माझ्या मुलीची चौकशी केली, पर्समधून दोन रिबिनी काढून दिल्या. मी त्या घेतल्या, पण रिबिनी हातात धरून मी विचार करत होते की ह्यांच्या बदल्यात काय द्यावं लागणार.

“मावशी, तुम्हाला इंग्रजी अक्षरं शिकायची आहेत का?” ती म्हणाली.

मला शिकायची होती. चौथीनंतर पाचवीत इंग्रजीचं पुस्तक मिळतं, आणि मला चौथीतूनच काढलं होतं. ते पुस्तक मी दुसऱ्या मुलींच्या हातात बघितलं होतं. त्यात एका पानावर एक चित्र आणि वर एकच मोठं अक्षर असायचं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. ताईला कसं कळलं? कळलं नव्हतंच. तरी मी हो म्हटलं.

ती ओल्या बोटानं ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर अक्षर काढायची. मी तसंच खाली काढायची. थोड्या वेळानं ते वाळून जायचं. “कागद नको,” ती म्हणाली, “उगाच कुणी बघायला नको.” मला ते पटलं आणि खटकलंही.

पहिल्या दिवशी तिनं पी काढला.

“ताई, आधी ए असतो ना?” मी विचारलं. एवढं मला ठाऊक होतं.

“सोपी सोपी आधी घेऊ,” ती म्हणाली.

मग वाय आला, मग सी, मग एन, आर. मला रात्री डोळे मिटले की ती दिसायची. पूल ओलांडताना दुकानांच्या पाट्यांवर मी ती शोधायची. सी सापडला की जत्रेत ओळखीचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

माझी मुलगी त्या वर्षी पाचवीत गेली. ती मोठ्यानं घोकत होती. मी भाकरीचं पीठ चाळता चाळता म्हटलं, “मला पण येतात थोडी,” आणि परातीतल्या पिठात काढून दाखवली. तिनं पुस्तक उघडलं आणि एकेक शोधत बसली. “आई, ही एवढीच? आणि अशी मधलीच का? ए नाही, बी नाही, ई नाही. हे कुणी शिकवलं तुला?”

मी पीठ सारखं केलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले आणि ताईच्या भागापाशी आले. काचेवर बघितलं. जितकी अक्षरं ते मशीन मागत होतं तितकीच मला येत होती. एक कमी नाही, एक जास्त नाही.

बोलून काय करणार? तिला नोकरी हवी होती. ती माझ्यासाठी शिकवते असं माझंच मला वाटलं होतं, तिनं कुठं शब्द दिला होता. पण त्या दुपारी ती ओल्या बोटानं पुन्हा पी काढू लागली तेव्हा मी म्हटलं, “आज भांडी खूप आहेत.” ती घाबरली. तिला वाटलं मी साहेबांना सांगणार.

दोन दिवसांनी उल्हासनगरचा कापडवाला सिंधी शेठ आला. पांढरे कपडे, हातात चाव्यांचा जुडगा, बरोबर दुकानात गठ्ठे उचलणारा माणूस, आमच्याकडचाच, मराठी. शेठला प्रोग्राम दाखवायचा होता. साहेब ऐटीत म्हणाले, “शेठ, आमची झाडूवाली चालवून दाखवते. बघा.”

मी बसले. बिल बनवलं. मग रद्द करायची पाळी आली. मशीननं विचारलं. मला वाय माहीत होता, वाय म्हणजे हो. माझं बोट त्याच्यावर होतं. ताई माझ्या खांद्यामागं उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. दाबावं की न दाबावं, हा विचार आला तोवर बोटानं दाबलं होतं. खरं सांगायचं तर मला दाबायला आवडलं. विचारलेलं आपल्याला कळतंय हे आवडलं.

बिल गेलं. साहेबांनी शेठकडे बघितलं.

शेठ माझ्याकडे बघत होता. पायांपासून पदरापर्यंत. “साईं,” तो साहेबांना म्हणाला, “ये बाई झाडूवाली नहीं है. किसी मास्टरनी को पुरानी साडी पहनाके बिठाया है.”

“अहो शेठ, ही चौथी शिकलेली आहे.”

“चौथी? इसका उंगली देखो. मशीन पूछने से पहले जवाब देता है.” मग तो आपल्या माणसाला म्हणाला, “तू बैठ.”

तो माणूस खुर्चीच्या कडेवर टेकला. बिल त्यानं बनवलं, चुकत माकत, पण बनवलं. मग मशीननं विचारलं आणि तो थांबला. दोन्ही हात उचलून त्यानं मांडीवर ठेवले. “शेठ, माझ्याच्यानं काही बिघडलं तर?” तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं की मी पण इथंच, अशीच बसत होते.

शेठ हसला. “देखा? मेरे दुकान में ऐसा आदमी है. इसके लिए बनाओ, फिर बुलाओ.” तो चाव्या वाजवत गेला.

साहेबांनी दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही. “बाई, तुम्हाला कोणी शिकवलं?”

ताई आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होती. चष्मेवाला तिच्याकडे बघत होता. त्याला ठाऊक असावं.

मला चार माणसांत बोलता येत नाही, अजून येत नाही. “मीच मागं लागले,” मी म्हटलं. “मला शिकायचं होतं. कुणालाही विचारत होते. ताईंनी नको नको म्हणत अक्षरं दाखवली.”

यातलं शिकायचं होतं एवढं खरं.

साहेबांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना पटलं असं मला नाही वाटलं. “बरं,” ते म्हणाले. “पण आता तुमचा बसून उपयोग नाही. तुम्हाला यायला लागलं.”

म्हणजे मला खुर्चीवर बसवलं होतं ते येत नव्हतं म्हणून, आणि उठवलं ते यायला लागलं म्हणून. मी ट्रे उचलला.

पुढचे काही दिवस साहेब दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “इंग्रजी येतं का?” इस्त्रीवाला अभिमानानं हो म्हणाला, त्याला सोडून दिलं. दूधवाला नाही म्हणाला, तर त्याला आत ओढून नेलं. त्याला वाटलं दुधात पाणी सापडलं. ताईनं अक्षरं काढून टाकून एक आणि दोन असे आकडे घातले, चुकून पुसलं जाऊ नये म्हणून दोनदा विचारायचं ठेवलं. दूधवाल्याला जमलं. शेठच्या माणसालाही जमलं. शेठनं प्रोग्राम घेतला, ताई कायम झाली.

ती पेढे घेऊन ओट्याशी आली. सगळ्यांना एकेक दिला होता, मला दोन. साहेबांनी विचारलं त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. चहासुद्धा दुसऱ्याकडून मागवायची.

“मावशी,” ती हळू म्हणाली, दार लोटून. “तुम्ही तेव्हा असं का सांगितलंत?”

मी गाळणी धूत होते.

“तुम्हाला काही हवं असेल तर आत्ता सांगा. पैसे, पगार वाढवायचं, काहीही. मी साहेबांशी बोलेन. पण नंतर कधीतरी हे काढू नका.”

म्हणजे इतके दिवस तिला हे वाटत होतं. मला आधी राग आला, मग आला नाही. मी पण रिबिनी घेताना असंच मोजलं होतं.

“ए दाखवा,” मी म्हटलं.

तिला कळलं नाही.

“ए. पहिला. मग बी. पुस्तकात असतात तशी, ओळीनं.”

तिनं पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर ठेवला. मग तिनं नळाखाली बोट धरलं आणि कडप्प्यावर ए काढला. मी खाली काढला. ती म्हणाली, मधली रेघ थोडी खाली. मी पुसून पुन्हा काढला.

घरी गेल्यावर मुलीचं पुस्तक उघडून मी तो ताडून बघितला. तसाच होता. दुसऱ्या दिवशी बी शिकवला, तोही ताडून बघितला. शेवटच्या अक्षरापर्यंत मी ताडून बघत होते. ताईनं एकही चुकीचं शिकवलं नाही. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही, आणि इतके दिवस ठेवून दिलेल्या रिबिनी मुलीला दिल्या.