फोनमधलं भजनी मंडळ

शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईला पसारा बघवत नाही. दाखले, हजेरीपट, जनरल रजिस्टर, सगळं मी अशा शिस्तीत ठेवलं होतं की माझ्या निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी माझ्यापेक्षा माझ्या कपाटांचंच जास्त कौतुक केलं. त्यामुळे आईचा टेपरेकॉर्डर कायमचा बसला आणि तिच्या एकतीस कॅसेटींचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. निवृत्तीनंतर आवरायला म्हणून मला कोणी काही दिलंच नव्हतं.

या कॅसेटी बाबांच्या भजनी मंडळाच्या. बाबा गिरणीत होते आणि मंडळ आमच्या जुन्या चाळीतलं, सगळे कोकणातले, बहुतेक एकाच पाळीचे. बाबांना गळा अजिबात नव्हता. ते झांज वाजवायचे आणि कोरसमध्ये तोंड हलवायचे. मंडळात त्यांना मान होता तो टेपरेकॉर्डरमुळे, कारण तो फक्त त्यांच्याकडे होता आणि त्याच्या बटणांना ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून कांजूरमार्गच्या आमच्या घरात आई रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायची आणि त्यातली एक कॅसेट लावायची. टीव्ही नको, मालिका नको, तिला एवढंच हवं असायचं. टेप बंद पडल्यावर ती आठवडाभर दिवा लावून नुसतीच बसून राहिली. मी तिला शब्द दिला की दिवाळीच्या आत सगळ्या कॅसेटी फोनमध्ये आणून देते, होत्या तशाच्या तशा.

घाटकोपरच्या एका दुकानदाराने कॅसेटी माझ्या फोनमध्ये उतरवून दिल्या. कॅसेटीची एक बाजू म्हणजे एक फाईल, अशा बासष्ट. त्यांची नावं ट्रॅक एक, ट्रॅक दोन, पुढे बासष्टपर्यंत. मी आईसाठी मोठ्या अक्षरांचा फोन घेतला, सगळ्या फाईली माझ्या फोनमधून त्यात हलवल्या, आणि तो ताबडतोब म्हणाला की जागा संपली. मग मी चष्मा चढवून कामाला बसले. पाऊण तासाच्या फाईलीतून एकेक भजन सोडवून वेगळं काढायचं. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला दोनेक मिनिटं नुसता गोंधळ होता, खरखर, सतरंजी ओढल्याचा आवाज, खोकला, बडबड. मधेमधेही तेच. तो सगळा कचरा मी बारकाईने कापला आणि पुसून टाकला. पंचेचाळीस दिवसांत दोनशे चौदा स्वच्छ भजनं निघाली. जागाही झाली. मी स्वतःवर फार खूश होते.

नावं मात्र कॅसेटींच्या वेष्टनांवर बाबांच्या अक्षरात होती, तशीच घेतली. आता आमच्यात कागद कोरा सुरू करायचा नाही. बाबा वाणसामानाच्या यादीच्या डोक्यावरही ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ लिहायचे, आणि खाली तूरडाळ. प्रत्येक भजनाच्या नावाआधीही त्यांनी तेच लिहिलेलं. मी इमानाने दोनशे चौदा वेळा टाईप केलं. मग यादी उघडून बघते तर वरपासून खालपर्यंत ‘श्री गजानन प्रस’ आणि तीन टिंबं. भजनाचं नाव पडद्याच्या बाहेर. यादी कितीही खाली सरकवली तरी गजानन प्रसन्नच होत राहिला, भजन काही दिसेना. मुलीने सुचवलं की ते पुढचं काढून टाक ना. मी काढायला बसले, पण ‘श्री’वर बोट ठेवून खोडायचं धाडस होईना. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, नमस्कार करून, मी दोनशे चौदा ठिकाणी गजाननाला पुसलं.

तरीही फोनला हे मंडळ काही पटेना. मंडळाच्या मुख्य गायकाचं, बुवांचं नाव मी जिथे लिहिलं नव्हतं तिथे तो ‘अज्ञात कलाकार’ दाखवायचा. हे आमच्या बुवांनी हयातीत पाहिलं असतं तर त्यांनी झोळी उचलून गाव गाठलं असतं. संगीताचा प्रकार निवडा म्हणून यादी आली, तिच्यात पॉप, रॉक, जॅझ आणि शेवटी ‘इतर’. आम्ही इतर झालो. एका गौळणीला तर फोनने स्वतःच्या मनाने चित्र जोडलं, चामड्याचं जाकीट घातलेला एक दाढीवाला गोरा. आईने ते निरखून बघितलं आणि हा कोणाकडचा म्हणून विचारलं.

पहिल्याच संध्याकाळी क्रमाची वाट लागली. भजनात आधी गणेशाचं स्तवन, मग अभंग, गौळण, गजर आणि शेवटी भैरवी. भैरवी झाली की झालं, त्यानंतर कोणी गात नाही, माणसं उठतात. फोनने सुरुवातच भैरवीने केली. आईने हात जोडले आणि गुडघ्यावर हात देत उठली. तोवर गजर सुरू झाला. ती पुन्हा बसली. गजरानंतर दुसऱ्या कुठल्यातरी वर्षाची भैरवी लागली आणि ती पुन्हा उठली. अशी तीन वेळा ऊठबस झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी फोनवर झडप घातली.

मग मी प्रत्येक भजनाला नंबर घातले. नंबर घातल्यावर एकशे एक आणि एकशे दोन हे दोनाच्या आधी यायला लागले. पुढे शून्यं लावली, तेव्हा ती ओळ सरळ झाली. तरी फोन एवढ्यावर समाधानी नव्हता. त्याला जो आवाज सापडेल तो त्याच्या मते संगीतच. एका संध्याकाळी अभंग रंगात आलेला असताना मधेच आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज आला की पंपाची मोटर जळली आहे, पाणी भरून ठेवा. मी खाली भाजी आणायला गेले होते. परत आले तर आईने बादल्या, पातेली, कळशी, इडलीचा कुकर, एवढंच काय, देवाचं ताम्हनसुद्धा भरून ठेवलं होतं. तो निरोप सोसायटीच्या ग्रुपवर तीन आठवड्यांपूर्वी आलेला होता.

हे सगळं निस्तरलं. दिवाळीच्या चार दिवस आधी मंडळ शिस्तीत उभं राहिलं, स्तवनापासून भैरवीपर्यंत, एक टिंब इकडचं तिकडे नाही. आईने फोन लावला, दोन मिनिटं ऐकला आणि बंद करून ठेवला. म्हणाली, हे ते नाय.

मी आवाज वाढवला. वेगळा स्पीकर आणून जोडला. आवाजातला खर्ज वाढवायची सोय होती, ती वापरली, तर बुवा विहिरीतून गायला लागले. आई प्रत्येक वेळी शांतपणे ऐकायची आणि तेच म्हणायची. शेवटी मी चिडले. दीड महिना डोळे फोडून बसले होते, आणि हिला नेमकं काय हवंय ते सांगता येत नाही. मी आवाज चढवून विचारलं की यात नाही काय ते तरी सांग.

“ह्यात तुझे बाबा खय आसत?”

कोरसमध्ये आहेत ना, मी म्हटलं. आई म्हणाली, कोरसात सगळेच आसत. मग तिने मला समजावलं, मीच जणू नुकती शाळेत नाव घातलेली असावी अशा आवाजात. गाणं सुरू होण्याआधी बाबा बोलायचे. “हॅलो, हॅलो. टेप चालू आसा. गप रवा सगळ्यांनी. आज वार गुरुवार.” मग कोणालातरी तंबाखू थुंकून यायला सांगायचे, तबलजीला सरकून बसायला सांगायचे. मग बुवा सुरू व्हायचे, आणि आई उठून भाजी चिरायला जायची.

मी हे सहा वर्षं रोज बघत होते. कॅसेट लावायची, दोन मिनिटं ऐकायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. मला वाटायचं तिचं बटण चुकतं.

मी जे कापून टाकलं होतं त्यातच तेवढे बाबा होते. एकसष्ट, बासष्ट वेळा बोललेले बाबा मी एकेक करून पुसले होते, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटलं होतं. कॅसेटीही उरल्या नव्हत्या. सोसायटीने सुका कचरा गोळा केला तेव्हा, आता फोनमध्ये आहे ना सगळं, असं आईने मला दोनदा विचारलं होतं, आणि मी हो म्हणून पिशवी दिली होती. आमच्याकडे वारा फिरला की डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो. त्या आठवड्यात तो आला की मी खिडक्या लावून घ्यायचे.

मी आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती एवढंच म्हणाली, शाळेतले कागद तरी ऱ्हवले काय गो चेडवा?

दुकानदाराला फोन केला. तो काम झाल्यावर महिन्याभरात सगळं पुसून टाकतो. तोही माझ्यासारखाच नीटनेटका माणूस निघाला. मग मी वसईच्या भावाला विचारलं, कारण दुकानातून आणल्या दिवशी एक फाईल मी त्याला ऐकायला पाठवली होती. त्याने ती उघडलीच नव्हती, आता उघडत नव्हती. मी त्याला नको ते बोलले. फोन ठेवल्यावर मुलीने माझा फोन हातात घेतला आणि म्हणाली की तू पाठवलेल्या गोष्टींची एक प्रत तुझ्याकडेच कुठेतरी पडलेली असते. लग्नपत्रिका, मटणाच्या पाककृती, विजेची बिलं आणि सुप्रभातची फुलं यांच्या ढिगाऱ्यात ती सापडली. ट्रॅक सतरा, न कापलेला.

आईने तो फोन घेऊन कानाला लावला. खरखर झाली, भांडं आपटलं, आणि मग बाबा. त्या दिवशी मंडळ यायला वेळ असावा, कारण ते मशीन तपासत होते.

“हय तोंडाकडे घे आणि बोल कायतरी.”

“काय बोलू?” ही आई, माझ्याहून खूप लहान.

“कायव बोल. आवाज बघूचो आसा.”

पुढे ती हसली आहे, मग टेप बंद झाल्याचा खटका आहे, आणि मग बुवा.

आता आईच्या फोनवर तेवढीच फाईल आहे. बाकीची दोनशे चौदा तिने माझ्याकडे ठेवायला सांगितली आहेत. मी तिला फोनचं एकच बटण शिकवलं, थांबवायचं. दिवा लावून झाला की ती फाईल लावते, बाबा ‘आवाज बघूचो आसा’ म्हणाले की थांबवते, आणि मग बोलते. बांगडा किती महाग झाला ते सांगते, गावच्या फणसाचं सांगते, भाऊ गणपतीला एकच दिवस राहिला तेही सांगते. कॅसेटींवरून मात्र त्या एका वाक्यापलीकडे ती मला अजूनही काही बोललेली नाही. मी स्वयंपाकघरात असते आणि ऐकत नसल्यासारखं करते. परवा तिने बटण दाबलं, बांगड्याचं, फणसाचं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, “चेडवाक रागावू नकात. तेणा मुद्दाम करूक नाय.”