किरकोळ सुधारणा

चष्मेवाल्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. त्या तीन तासांत तो पंधरा मिनिटं जेवतो आणि उरलेला वेळ पासवर्ड बनवणाऱ्या एका प्रोग्रॅमची देखभाल करतो. प्रोग्रॅम त्याचाच, नऊ वर्षांपूर्वी लिहिलेला. ना चित्र, ना बटण. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की खाली सोळा अक्षरांचा पासवर्ड हजर. फुकट, आणि आतला कोडही सगळ्यांना खुला. शून्य आणि ओ, एक आणि एल असल्या फसव्या जोड्या त्यात कधी येत नाहीत. लोकांचे डोळे काय काय गोंधळ घालतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! नऊ वर्षांत आभाराची पत्रं आली तीन. त्यातलं एक चुकून आलं होतं.

मंगळवारी चौथं पत्र आलं, पण आभाराचं नाही. कुणा अनोळखी गृहस्थाने अगदी गोड भाषेत लिहिलं होतं, की तुमचा प्रोग्रॅम अक्षरं निवडतो ती घड्याळातल्या सेकंदावरून. पासवर्ड कोणत्या दिवशी बनवला एवढं कळलं, की त्या दिवसाचे सगळे सेकंद तपासायचे. चहा निवायच्या आत पासवर्ड हातात. चष्मेवाल्याने करून पाहिलं. चहा चांगला गरम होता.

दुरुस्ती दोन ओळींची. ती त्याने लगेच केली. घोडं अडलं पुढे. नवी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते लिहावं लागतं. त्याने लिहिलं, 'किरकोळ सुधारणा.' लोकांचे जुने पासवर्ड मात्र कच्चेच राहणार होते. ते बदला म्हणून सांगायचं, तर नऊ वर्षं आपण कच्चा माल वाटला हे चारचौघांत कबूल करायचं. पाठवायला बोट धजेना.

तो तसाच उठून ताईकडे गेला, कारण जुन्यांपैकी एक पासवर्ड तिचा होता. ताई त्याची थोरली बहीण, जन्मभर शाळेत शिकवत आलेली. भावोजींचे फोटो, त्यांची पत्रं, सगळं त्या पासवर्डमागे. तो ताईने आणि भावोजींनी मिळून वहीत शंभर वेळा लिहून पाठ केला होता. भावोजी जाऊन दोन वर्षं झाली.

"ताई, तुझा पासवर्ड बदलायला हवा. चूक माझी आहे."

सगळं ऐकून ताईने चष्मा कपाळावर चढवला. "लोकांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला का सांगतोयस?"

"तुझे फोटो आहेत गं त्यात."

"आणि लोकांची काय रद्दी आहे?"

बरं झालं, चांगलं झोंबलं. तिथेच टेबलावर संगणक उघडून त्याने 'किरकोळ सुधारणा' खोडलं आणि लिहिलं: 'चूक माझी. नऊ वर्षं होती. जुने सगळे पासवर्ड आजच बदला.' आणि पाठवून दिलं. तासाभरात चार शिव्या आल्या.

मग ताईचा नवा पासवर्ड बनवला. तिने वही पुढे सरकवली. "चूक तुझी ना? शंभर वेळा तू लिही."

पंचावन्न वर्षांचा बाप्या मुकाट्याने लिहायला बसला. ताई प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून तपासत होती. शंभरावी ओळ झाली आणि त्याने कपाळावर हात मारला.

"ताई, हा मलाही पाठ झाला! पुन्हा बदलायला हवा. दुसऱ्या कुणाला ठाऊक असून चालत नाही."

ताईने वही मिटली.

"राहू दे," ती म्हणाली. "आधीचा आम्हा दोघांना ठाऊक होता. एकटीलाच ठाऊक असलेला मला नकोय."